अनामिकेशिवायचा हात

नवं गिऱ्हाईक आलं की माएस्त्रो पेर्सिओ, म्हणजे उस्ताद पेर्सिओ, आधी त्याच्या हातात हातोडा द्यायचा. "मार. जीव खाऊन मार." ऐरणीवर बशीएवढी पारदर्शक चकती, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. घाव बसला की हातोडा उसळून वर यायचा आणि चकती जशीच्या तशी. मग माएस्त्रो ती चार बोटांनी अलगद उचलून उजेडात धरायचा. उजव्या हाताची अनामिका त्याने तरुणपणीच करवतीला देऊन टाकली होती.

•

बेर्रोन नावाचं एक औषधी पाणी आहे. स्पिरिटात सुवासिक पानांचं तेल उतरवलेलं. कपाळ तापलं, लावा बेर्रोन. गुडघा धरला, चोळा बेर्रोन. घरातलं माणूस गेलं आणि तरी गेल्यासारखं वाटेना, शिंपडा उंबऱ्यावर बेर्रोन.

•

मच्छीमार लावतात तसला काळा चष्मा किनाऱ्यावरच्या फेरीवाल्याकडे मिळतो. पाण्यावरची झगमग तो मारून टाकतो आणि खालचे मासे दिसू लागतात.

•

झुलती खुर्ची. वेताची बैठक, एका हाताला तार गुंडाळलेली. तोंड भट्टीकडे.

•

नवरा गेल्यापासून दोन्या सुनिल्दाने, म्हणजे सुनिल्दाबाईने, उजव्या मुठीला जपमाळ गुंडाळली आहे. आंघोळीलाही सोडत नाही, असं शेजारणी सांगतात.

•

टिक.

१. वरची चकती

सोमवारी सकाळी वर्कशॉपच्या कोठीचं दार उघडल्यावर लुदोविना ओरडली वगैरे नाही. ती नुसती बाजूला सरकली आणि म्हणाली, "बघा. पुन्हा."

मिल्विया पेगेरो आत गेली. सान पेद्रो गावाच्या औद्योगिक वसाहतीत रक्त तपासायची यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या खरेदी खात्यात ती काम करते. यंत्राच्या तोंडाशी जी स्वच्छ खिडकी असते, ती म्हणजे ही चकती. पॉलिकार्बोनेटच्या पातळ शीटमधून मशीनवर कापायची, कडेने बारीक भोकांची माळ पाडायची, धार कुठे राहू द्यायची नाही. पूर्वी या चकत्या परदेशातून जहाजाने यायच्या, निम्म्या वाकलेल्या. मग मिल्वियाने गावभर पायपीट करून पेर्सिओचं वर्कशॉप हुडकलं, वरच्या साहेबांशी भांडून त्याला काम मिळवून दिलं आणि वर्षानुवर्षं ती त्या एका माणसाच्या हातावर निर्धास्त राहिली.

पेर्सिओ यंदा कार्निव्हलच्या दिवसांत गेला. भट्टीच्या खोलीत, झुलत्या खुर्चीत, बसल्या बसल्या. ईस्टर उलटल्यावर वर्कशॉप पुन्हा सुरू झालं. आणि तेव्हापासून हे.

टेबलावर ट्रे मांडले होते. प्रत्येक ट्रेमध्ये चकत्यांची चळत, आणि प्रत्येक चळतीतली फक्त सगळ्यात वरची चकती तडकलेली. तडे केसाहून बारीक, चंदेरी, पुंजक्यापुंजक्यांनी उमटलेले. मिल्वियाने एक चकती खिडकीकडे धरली. खाली अंगठा. वर तर्जनी, मधलं बोट. मग रिकामी जागा. मग करंगळी.

"काकांचा हात आहे," लुदोविना म्हणाली. पेर्सिओची बायको सुनिल्दा, तिची ही भाची. चकत्या साबणाच्या पाण्यात धुणं आणि खोक्यात भरणं तिच्याकडे. "आता तुम्ही म्हणाल, योगायोग."

"मी अजून काहीच म्हटलं नाही."

"तुमचं तोंड म्हणतंय."

मिल्वियाने त्याच चळतीतली दुसरी चकती काढली, ऐरणीवर ठेवली आणि पेर्सिओचा हातोडा उचलून दाणकन घातला. चकतीवर साधा ओरखडा उठला नाही. मग तिने तडकलेली चकती दोन बोटांत धरून हलकेच दाबली. वाळलेल्या पानासारखी तिची कड चुरून तळहातावर पडली.

"हातोड्याने फुटत नाही," लुदोविना हळू आवाजात म्हणाली, "आणि हात लावला की मरते."

दारात एलादिओ उभा होता. पेर्सिओचा धाकटा भाऊ. कच्चं शीट आणण्याचं काम त्याचं. गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यांत झोप. "लिसेन्सियादा, शिकलेल्या बाई, शुक्रवारी तुमच्या साहेबांना काय सांगणार? भुताने तोडलं?"

शुक्रवारी काय सांगायचं हेच मिल्वियाला ठाऊक नव्हतं. कारण सापडलं नाही तर काम पुन्हा जहाजावर जाणार होतं, आणि हे काम गेलं की वर्कशॉपला दुसरं कामच नव्हतं. टायरवाल्याने जागेला मागणी घातली होती. दारावरची 'पेर्सिओ' ही पाटी उतरणार होती. तिने पर्स चाचपली. आत रुमालात गुंडाळलेली एक चकती होती, माएस्त्रोच्या हातच्या शेवटच्या मालातली. नमुना म्हणून ती कायम जवळ ठेवायची.

"कोठीला कुलूप असतं ना?" तिने विचारलं.

"किल्ल्या दोनच," लुदोविना म्हणाली. "एक ही. दुसरी काकांच्या खिशात असायची."

"मग ती आता कुठे आहे?"

लुदोविनाने खाली जमिनीकडे बोट दाखवलं.

२. कोन्फेसोरची उत्तरं (प्रश्न सांगायची गरज नाही)

या, राणीसाहेब, बसा. त्या खुर्चीत नको. ह्या खोक्यावर बसा.

कोन्फेसोर विल्मोर. नाव आजीने ठेवलं. लोकांचे कबुलीजबाब ऐकून घेणारा. ऐकतो सगळ्यांचे, देत कुणाला नाही.

हो, कापकाम सगळं माझंच. शीट टेबलावर हवेने ओढून धरायचं, वरून कटर फिरवायचा. पातळ शीट म्हणजे तान्हं पोर, नीट धरलं नाही तर थरथरतं. माएस्त्रोनेच शिकवलं.

कटर बोथट? हा घ्या, दाढी करून बघा. तुम्हाला नाही, तुमच्या साहेबांना सांगा करायला.

बेर्रोनचा वास? येतो की. दुपारी जेवून परत आलो की कोठी भरून वास असतो. त्यात नवं काय? माएस्त्रो जन्मभर हाताला बेर्रोन चोळायचा. माल निघायच्या आधी वरच्या चकतीवर तोच ओला हात ठेवायचा आणि म्हणायचा, "जा बाई, देवाबरोबर जा." एवढी वर्षं हात ठेवला, एक चकती तडकली नाही. मेल्यावर हाताला विष येतं का?

मी कशाला घाबरतोय? मी बॉक्सिंग खेळलोय. हे नाक बघा.

कापून झाल्या की भट्टीत. तापवायच्या, निवू द्यायच्या. मीच ठेवतो, मीच काढतो. माएस्त्रो करायचा तसंच. अगदी तसंच.

खुर्ची? कुठली खुर्ची?

कुणी काय सांगितलं तुम्हाला?

३. कॉफी आणि भिंत

"एलादिओ काकांना विचारा ना," लुदोविना खोकी दुमडत म्हणाली. "स्वस्तातलं शीट आणत असतील."

"आणि हिला विचारा," एलादिओ म्हणाला, "न्यूयॉर्कला जायची घाई कुणाला आहे. वर्कशॉप विकलं तर तिकीट कुणाचं निघतं?"

"तुमचं तरी काय, काका? टायरवाल्याबरोबर डॉमिनो कोण खेळतं रोज?"

"डॉमिनो खेळणं गुन्हा आहे का?"

"तुमच्यासारखं खेळणं आहे."

मिल्वियाने शीट तपासलं. गठ्ठ्यावरचं संरक्षक कागदाचं आवरण, त्यावरची छापील खूण, जाडी. पेर्सिओ आणायचा तेच, त्याच व्यापाऱ्याकडचं. लुदोविनाची धुण्याची बादली हुंगली, नुसता साबण. दोघं खोटं बोलत असतीलही, पण हात त्यांचे स्वच्छ होते.

मागच्या अंगणात दोन्या सुनिल्दाने कॉफी गाळली. काळे कपडे, पांढरे केस, उजव्या मुठीला जपमाळेचे वेढे. कप तिने डाव्या हाताने पुढे केला.

"साखर जास्त झाली असेल, बाळा. पेर्सिओला तशी लागायची. हात अजून त्याच्याच मापाने टाकतो."

"दोन्या, तुम्हाला काय वाटतं? कोण करतंय हे?"

म्हातारीने गाळणं आंब्याच्या बुंध्यापाशी झटकलं. "तो असेल तर बरंच आहे," ती म्हणाली. "म्हणजे अजून येतोय."

अंगणाच्या भिंतीवर, चुना ओला असताना कुणीतरी गंमत म्हणून ठेवलेला एक निळा पंजा होता. चार बोटांचा. मिल्विया उठता उठता त्याच्यापाशी थांबली. तिने स्वतःचा हात त्यावर टेकवला. पेर्सिओच्या पंजात तिचा हात बुडून गेला.

४. टिक

मंगळवारी सकाळी नवीन ट्रे कोठीत आले. मिल्वियाने एकेक वरची चकती डोळ्यांपाशी नेऊन पाहिली. सगळ्या स्वच्छ. तिने स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

दुपारी गल्ली ओस पडते. सगळे घरी, ताटावर. मिल्विया कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याउभ्या भात आणि घेवडा खाऊन, काळा चष्मा लावून, उन्हातून परत आली तेव्हा वर्कशॉपमध्ये चिटपाखरू नव्हतं. भट्टीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिने जाता जाता आत पाहिलं. झुलती खुर्ची हलत होती. फार नाही. कुणी नुकतंच उठून गेल्यावर हलते तेवढी.

तेवढ्यात वीज गेली. पंखे बंद झाले, दूरवरचा रेडिओ शब्दाच्या मध्यात तुटला आणि गल्ली मुकी झाली.

तिने चष्मा कपाळावर सरकवला, कोठीचं कुलूप चाचपडत उघडलं. आत वास होता. ओला, गोड, दवाखान्याचा आणि देवघराचा एकदम. बेर्रोन.

कोठीत कुणी नव्हतं. झडपांच्या फटींतून येणारा उजेड ट्रेंवर पट्ट्यापट्ट्यांनी पडला होता. मिल्विया स्टुलावर बसली.

टिक.

नख काचेवर वाजावं तसा आवाज.

तिने पहिल्या ट्रेकडे पाहिलं. वरच्या चकतीत, एका भोकाच्या कडेला, एक चंदेरी केस उगवला होता. तिच्या डोळ्यांदेखत तो वाढला. शेजारी दुसरा आला. टिक. मग वरच्या बाजूला पुंजका धरू लागला. टिक, टिक. समोर कुणी नाही, हात नाही, आणि काचेसारख्या त्या चकतीत आतून कुणीतरी सावकाश एकेक बोट टेकवत होतं. अंगठा. तर्जनी. मधलं.

मिल्विया चौथ्या बोटाची वाट पाहत राहिली. ते आलं नाही. करंगळी आली.

५. मासे

"आलीऽऽ!" अख्खी गल्ली ओरडली. वीज आली की सान पेद्रो अशी ओरडते.

चिठ्ठ्या छापायचा कोठीतला जुना संगणक जागा झाला. त्याचा चपटा पडदा कोराकरकरीत पांढरा पेटला आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांत उजेड घुसला, तशी मिल्वियाने कपाळावरचा चष्मा झटकन खाली ओढला. हातात चळतीतून उचललेली, न तडकलेली एक चकती होती. ती पडद्यासमोर आली.

आणि पेटली.

प्रत्येक भोकाभोवती रंग होते. जांभळा, हिरवा, जळका पिवळा. मोराचे डोळे उघडावेत तसे. चकती फिरवली की रंग वळवळायचे. तिने चष्मा काढला: नुसतं स्वच्छ प्लॅस्टिक. लावला: पुन्हा रंग. क्षणभर तिला वाटलं, मेलेला माणूस आतून बघतोय.

मग तिच्यातली खरेदीवाली जागी झाली. हाच चष्मा लावून गाडी चालवताना पुढच्या मोटारीच्या मागच्या काचेवर तिला काळे ठिपके दिसतात. ती काच तापवून, घाईने गार करून कडक केलेली असते. आत ताण कोंडलेला असतो. साध्या डोळ्याला तो दिसत नाही. आकाशाचा किंवा पडद्याचा उजेड मागे असला की या चष्म्याला दिसतो, पाण्याखालच्या माशांसारखा.

तिने पर्समधला रुमाल सोडला. माएस्त्रोची चकती पडद्यासमोर धरली. रंग नाहीत. भोकांभोवती काही नाही. नुसता करडा, झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा शांतपणा.

मग तिने ट्रेमधल्या खालच्या चकत्या एकामागून एक पडद्यासमोर नेल्या. सगळ्या पेटल्या. वरच्याच नाही, सगळ्याच्या सगळ्या आजारी होत्या. हात लागलेल्या तेवढ्या तडकल्या होत्या, इतकंच.

ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. "बेर्रोनची बाटली द्या."

"डोकं दुखतंय का, पोरी?" दुकानदाराने विचारलं.

"आता थांबेल बहुतेक."

परत येऊन तिने दोन चकत्या शेजारी ठेवल्या, एक आजची, एक माएस्त्रोची. बोट बेर्रोनमध्ये बुडवून दोन्हींच्या भोकांवर दाबलं आणि वाट पाहिली. आजची चकती थोड्याच वेळात बोलली. टिक. माएस्त्रोची गप्प राहिली, दुपार कलली तरी गप्प राहिली.

म्हणजे कोडं एक नव्हतं, दोन होती, आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या माणसांकडे होती. चकत्यांत ताण कोण कोंडत होतं? आणि कुलूपबंद कोठीत ओला हात कोण ठेवत होतं?

६. निवणं

पहिलं उत्तर त्याच संध्याकाळी, ऊन अजून अंगणात असतानाच मिळालं.

भट्टीच्या खोलीतून कोन्फेसोरचं गाणं येत होतं, गरजेपेक्षा मोठ्याने. दार दगड लावून उघडं ठेवलेलं, रेडिओ किंचाळतोय, आणि हा आडदांड गडी जाड हातमोजे घालून भट्टीतून चकत्या काढतोय. पाठ खुर्चीकडे होऊ नये म्हणून तिरका, खेकड्यासारखा चालत. मिल्वियाने त्याने नुकत्याच टेबलावर मांडलेल्या चकतीवर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं.

"गरम आहे, कोन्फेसोर."

"भट्टीतून काय बर्फ निघतो, राणीसाहेब?"

"माएस्त्रो कधी काढायचा?"

त्याने रेडिओ आणखी मोठा केला. तिने तो बंद केला. खोली एवढी शांत झाली की वेताचा करकर आवाज ऐकू आला.

"कधी काढायचा?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी," तो पुटपुटला. "भट्टी बंद करायचा आणि दार न उघडता इथे बसून राहायचा. त्या खुर्चीत. हात लावून बघायचा, पुन्हा बसायचा. ती आपणहून निवेपर्यंत. तसं करायचं तर पहाटे गार, काळोख्या खोलीत एकट्याने यायचं, आणि..."

"आणि तू अंधार पडायच्या आत उरकतोस."

बॉक्सिंग खेळलेल्या माणसाने मोजे काढले. "ती हलते. तुम्ही हसाल. पण ती हलते, आईची शप्पथ. त्याला आवडलेलं नाही मी मशीन घेतलेलं. सकाळी लवकर मी एकटा असतो, राणीसाहेब. मी आलो की ती हलायची थांबते. थांबते, हे जास्त वाईट."

मिल्विया हसली नाही. आज दुपारी तिनेही पाहिलं होतं.

"ऐक. कापताना शीट दुखावतं. भट्टीत ते सैल पडतं, आणि सावकाश निवलं तरच सैल राहतं. तू तापलेलं पोर उचलून गार वाऱ्यात ठेवतोस. बाहेरून आकसतं, आतून अजून तापलेलं. ती ओढाताण तशीच गोठते. चांगलं दिसतं, हातोडा खातं. पण स्पिरिट लागलं की त्या कोंडलेल्या ओढाताणीला वाट मिळते."

कोन्फेसोर खाली बसला. चुकून खुर्चीतच बसला, आणि मग उठायचं त्याला सुचलं नाही. "म्हणजे भूत मी आणलं," तो म्हणाला. "भुताला भिऊन."

"अर्धं."

"उरलेलं अर्धं?"

७. मूठ

उरलेलं अर्धं अंगणात, आंब्याखाली बसून तांदूळ निवडत होतं. डाव्या हाताने.

मिल्विया बाजूला बसली. तिने तडकलेली चकती निळ्या पंजावर धरली. "दोन्या, हे बघा. माएस्त्रोचा हात असता तर अंगठा आणि करंगळी चकतीच्या बाहेर गेली असती. हा हात लहान आहे. माझ्याहून लहान."

सुनिल्दाने तांदळातला खडा शोधून फेकला.

"आणि दुसरी किल्ली माएस्त्रोबरोबर पुरली असं सगळे सांगतात. पण प्रेताचे खिसे घरातलीच बाई रिकामे करते ना? आणि तुमच्या जपमाळेला क्रूस नाही. कधीपासून नाही, मला आठवत नाही, पण जिथे क्रूस हवा तिथे काहीतरी मुठीत धरलेलं आहे."

म्हातारीने ताट खाली ठेवलं. उजव्या मुठीचे वेढे ती सोडू लागली, एकेक करून. माळेच्या टोकाला लहान पितळी किल्ली होती. बाकीची बोटं उघडली; अनामिका नाही. ती तळहातात वाकून रुतलेली होती, जणू कुणी आतून धरून ठेवली होती.

"लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासांत, अडकली," ती म्हणाली. "एक दिवस सकाळी उघडेचना. रोज बेर्रोन चोळते. काही नाही." तिने हात मांडीवर पालथा ठेवला. "एलादिओने पाहिलं असतं तर म्हणाला असता, वहिनी थकली, हिच्याने काय वर्कशॉप चालणार, विकून टाका. म्हणून झाकलं."

"आणि दुपारी कोठीत?"

"त्याचं काम कुणीतरी करायला नको का? माल असा मुक्याने कसा जाऊ द्यायचा? सगळे जेवायला गेले की मी जायची. आधी त्याच्या खुर्चीत जरा टेकायचं, निघतानाही टेकायचं. मग वरच्या चकतीवर हात ठेवायचा. जा बाई, देवाबरोबर जा." तिने किल्ली माळेसकट मांडीवर ठेवली. "त्याचं एक बोट नव्हतं, माझं एक मिटलं. मला वाटायचं, हात ठेवते मी, पण ठसा त्याचा उमटतो. वाटायचं, तो परत येतोय. आणि मीच मोडत होते होय ग, बाळा? मीच त्याचं नाव मोडत होते?"

मिल्वियाला इथवरची सगळी उत्तरं ठाऊक होती. हे एक ती उन्हातून चालत येताना शोधत होती.

"दोन्या, माझ्या कारखान्याची यंत्रं दवाखान्यात जातात. तिथे नर्सबाई ती खिडकी रोज कशाने पुसतात?"

सुनिल्दाने मान वर केली.

"स्पिरिटने," मिल्विया म्हणाली. "ह्या चकत्या इथे तडकल्या नसत्या तर तिथे तडकल्या असत्या. कुणाचं तरी रक्त आत असताना. आम्ही मापं घेतली, हातोडा मारला, उजेडात धरल्या, आणि सगळ्या पास केल्या. तुमच्या हाताने तेवढ्या नापास केल्या. तडे तुम्ही पाडले नाहीत. आत होते ते बाहेर काढलेत."

मग म्हातारीने अडकलेल्या बोटाकडे असं पाहिलं, जसं एखाद्या हट्टी पोराकडे पाहावं.

८. शुक्रवार

शुक्रवारी साहेबांनी कारण मागितलं आणि मिल्वियाने दिलं: भट्टीचं दार लवकर उघडत होतं, आता उघडणार नाही. न तडकलेल्या सगळ्या चकत्या पुन्हा तापवून सावकाश निववल्या होत्या. साहेबांच्या पांढऱ्या पडद्यासमोर तिने त्या धरल्या, स्वतःचा चष्मा साहेबांच्या नाकावर चढवला आणि म्हणाली, "शोधा रंग." साहेबांना रंग सापडला नाही. काम जहाजावर गेलं नाही. तपासणीच्या नियमांत मात्र एक ओळ वाढली: भट्टीतून निघालेल्या प्रत्येक मालातली एक चकती बेर्रोनच्या हाताने दाबून पाहावी. "हा बेर्रोन काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं. ते राजधानीतले होते, पण एवढेही राजधानीतले नव्हते. विचारताना हसू दाबत होते.

तो हात कुणाचा हे नियमात लिहिलेलं नाही. दुपारी कोठी आता उघडीच असते. सुनिल्दा सगळ्यांदेखत आत जाते, मूठ न झाकता.

"वहिनी, हात दाखवायचात तरी," एलादिओ म्हणाला.

"तुला दाखवला असता तर तू त्यात टायर ठेवला असतास," ती म्हणाली. लुदोविना इतकी हसली की ट्रे हातातून सुटायचा राहिला. पाटी आहे तिथेच आहे. टायरवाल्याने पलीकडच्या गल्लीत जागा घेतली.

संध्याकाळी भट्टी बंद झाली की सुनिल्दा झुलत्या खुर्चीत येऊन बसते आणि ती निवायची वाट पाहते. कोन्फेसोर तिच्या सोबतीला खोक्यावर बसतो. तिची सोबत करतो असं तो सांगतो. ती उठून गेल्यावर खुर्ची थोडा वेळ हलत राहते, आणि मग थांबते. एवढं सगळ्यांना समजतं. पण कोन्फेसोर सकाळी लवकर, एकटा, कुलूप काढून आत येतो तेव्हा ती का हलत असते, ते मिल्वियाने विचारलं नाही. त्याने आता खुर्चीला शुभ सकाळ म्हणायला सुरुवात केली आहे.

पेर्सिओ गेला त्या दिवशी भट्टी पेटलेली होती. त्याच्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपेपर्यंत तिचं दार कुणी उघडलं नाही. मिल्वियाच्या रुमालातली चकती त्याच मालातली.